पायावरची रेघ

आलापल्लीच्या स्टँडवर चहा पिऊन मी गाडीकडे चालत आलो, तेव्हा माझ्या उजव्या पायात चप्पल नव्हती. हे मला कळलं नाही, कंडक्टरबाईंना कळलं.

"भाऊ, एक चप्पल कुठी सोडून आले?" गाडीच्या दारात उभ्या राहून त्या हसत म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय उघडा. चप्पल वीस पावलं मागे, टपरीच्या बाकाशेजारी पालथी पडली होती. मे महिन्यातली दुपार होती. स्टँडचं सिमेंट असं तापलं होतं की कुत्रीसुद्धा सावली सोडून हलत नव्हती. त्या सिमेंटवरून मी वीस पावलं अनवाणी आलो होतो आणि पायाला चटका बसला नव्हता.

"म्हातारा झालो बाई, दुसरं काय," असं म्हणून मीही हसलो. चप्पल घालून आलो, सीटवर बसलो, गाडी सुरू केली. निघण्याआधी मात्र दोन्ही पायांत चप्पल आहे ना, ते पुन्हा एकदा वाकून पाहून घेतलं.

तेव्हा मला गाडी चालवायला लागून बावीस वर्षं झाली होती. त्यातली बरीचशी आलापल्ली ते सिरोंचा या जंगलातल्या रस्त्यावर गेली. दोन्हीकडे सागवान, मधे खड्ड्यांचा रस्ता, आणि कुठल्याही वळणावर गाय, माणूस नाहीतर अस्वल. या रस्त्यावर ड्रायव्हर डोळ्यांनी जेवढी गाडी चालवतो तेवढीच पायांनी चालवतो. ब्रेकवर पाय किती दाबायचा हे कोणी शिकवत नाही, पायालाच ते येतं. कंडक्टरबाई चार वर्षांपासून माझ्या जोडीला होत्या. मूळच्या सिरोंचाकडच्या, चाळिशीच्या आसपासच्या, प्रवाशांशी अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलणाऱ्या. आवाज मोठा होता, पण बाई मनानं फार सावध होत्या.

साखरेचा आजार मला आठ वर्षांपूर्वीच निघाला होता. दुखत काही नव्हतं, म्हणून मी तो मनावर घेतला नाही. आठवण झाली की गोळी घ्यायची, ड्यूटीवर असलो की राहून जायची. वर्षातून एकदा आमची तपासणी होई, त्यात डोळे बघत. पाय कोण बघतो?

पायांचं सुरू झालं ते मुंग्यांनी. आधी फक्त अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं. लांबची फेरी झाली की मुंग्या यायच्या, मला वाटायचं सीटमुळे असेल. मग काही महिन्यांनी बुटात रेती गेल्यासारखं वाटू लागलं. मी बूट काढून उलटा करून झटकायचो, मोजा उलटा करायचो. रेती नसायची. पुन्हा बूट घातला की रेती असायची. मग एक दिवस ओसरीवरून उतरताना वाटलं की कोणीतरी जमिनीवर गादी घातली आहे. मातीवर चालतोय, फरशीवर चालतोय, की कापसावर, काही समजेना. त्यानंतर जळजळ आली. आडवा झालो की तळव्यांत निखारे ठेवल्यासारखं व्हायचं. बायको ओलं फडकं गुंडाळून द्यायची. चादरीचा स्पर्शही नकोसा झाला होता.

आणि मग जळजळ आपोआप थांबली.

मी किती खूश झालो होतो, ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. बायकोनं देवापुढे नारळ फोडला. "झालं बरं," ती म्हणाली. मीही तेच समजलो. दुखणं गेलं म्हणजे आजार गेला, हाच आपला हिशोब. पाय बरा झाला नव्हता, तो बोलायचाच बंद झाला होता, हे त्या चप्पलेनं मला सांगितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि अंगठ्यापासून टोचत वर निघालो. अंगठा, काही नाही. पाऊल, काही नाही. घोट्यावर कोणी बोटानं दाबल्यासारखं, पण टोचल्यासारखं नाही. घोट्याच्या चार बोटं वर सुई एकदम टोचली आणि मी "आई गं" म्हणालो. तिथे मी निळ्या पेनानं रेघ ओढली. मग दुसरा पाय. तिथेही चार बोटं वर. दोन्ही रेघा अगदी एका उंचीवर आल्या होत्या, जणू कोणीतरी मला मोजून मोजे घातले होते. एका पायाचं असतं तर मार लागला म्हणालो असतो. दोन्ही सारखे बघून तेही म्हणता येईना.

दोन दिवसांनी बायकोला ती रेघ दिसली. "हे काय लिहून ठेवलं अजी पायावर?"

आधी मी उडवून लावलं. ती हटेना, तेव्हा सांगितलं.  तिचा एक मामा होता. बोटं झडली म्हणून त्याला गावाबाहेर झोपडी बांधून दिली होती आणि तो तिथेच गेला. लहानपणी ती आईबरोबर त्याला जेवण द्यायला जायची, ताट लांबून सरकवायचं. आमच्या भागात बधिर पाय म्हटलं की पहिला विचार महारोगाचाच येतो.

"अंगावर कुठी चट्टा आहे का?" तिनं हळूच विचारलं.

"नाई."

"शर्ट काढा."

तिनं माझी पाठ, दंड, कानाच्या पाळ्या, सगळं उजेडात नेऊन पाहिलं. चट्टा नव्हता.  त्या दिवशी तिनं स्वतःसाठी वेगळं ताट घेतलंच नाही, माझ्याच ताटात जेवायला बसली. "उद्या डॉक्टरकडे जाऊ," एवढंच म्हणाली.

मी गेलो नाही. डॉक्टर म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे हातातलं स्टेअरिंग गेलं. मला दुसरं काय येत होतं? मी तिला आज नाही उद्या करत राहिलो आणि मधूनमधून सुई घेऊन बसत राहिलो. पोळ्याला रेघ आणखी एक बोट वर गेली. दिवाळीनंतर आणखी एक. जुनी रेघ अंघोळीत पुसली जायची, पण ती कुठे होती ते मला पाठ होतं. पूर आलेल्या नदीचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढताना बघत बसावं, तसा मी स्वतःचे पाय बघत बसायचो.

गाडीवर बसलो की मी चप्पलही काढून ठेवू लागलो. वाटलं, उघड्या पायाला तरी पेडल कळेल. हिवाळ्यात एका सकाळी डावा पाय इंजिनच्या झाकणाला टेकवून चाललो होतो. थंडीत सगळेच ड्रायव्हर तसं करतात, ऊब लागते. बाई तिकिटं कापत पुढे आल्या आणि नाक आक्रसून म्हणाल्या, "भाऊ, काहीतरी जळून राह्यलं."

मी गाडी बाजूला घेतली. वायर पाहिली, सीटखाली पाहिलं. बाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. डाव्या पावलाच्या कडेला पेरूएवढा फोड आला होता आणि कातडी पांढरी पडली होती.

"तुम्हाले कळलं नाई?"

मी मान हलवली.

"ती चप्पल. तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून. बाई, कोणाले सांगू नका."

त्यांनी पाण्याची बाटली फोडावर ओतली, आपला रुमाल बांधला. पण त्या दिवसापासून त्या तिकिटं कापून झाली की मागच्या सीटवर बसेनात. माझ्या मागच्या दांड्याला धरून उभ्या राहायच्या. रस्त्याकडे बघतात असं दाखवायच्या, पण त्यांचे डोळे माझ्या पायांवर असायचे. मला आरशात दिसायचं. चाळीस माणसं मागे डुलक्या काढत असायची, कोंबड्या, पोती, लेकरं घेऊन. आणि त्या गाडीत भीती फक्त आम्हा दोघांना होती.

खरी गोष्ट अशी की मी स्वतःही आता पायांकडे बघून गाडी चालवत होतो. पाय ब्रेकवर आहे का, बघायचं. क्लचवर आहे का, बघायचं. एक नजर खाली, एक नजर वर. तेवढ्या एका नजरेत गाडी किती पुढे जाते, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मग मोहफुलांचे दिवस आले. पहाटेपासून बाया मोहाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि त्याचा धूर सकाळच्या थंड हवेत रस्त्यावर पसरून राहतो. आठ वाजले असतील. एका वळणानंतर असाच धुराचा पट्टा आला. मी वेग कमी केला, आणि धुरातून एक म्हातारा सायकल ढकलत रस्त्याच्या मधोमध आला. कॅरिअरवर मोहाचं पोतं होतं.

मी ब्रेक दाबला. इंजिनचा आवाज वाढला.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. ब्रेक दाबल्यावर इंजिन खाली बसायला हवं, ते गरजलं. मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या पायाची टाच ब्रेकच्या कडेवर होती आणि चवडा ॲक्सिलरेटरवर. मी हातानं हँडब्रेक खेचला आणि स्टेअरिंग फिरवलं. गाडी रस्ता सोडून मुरमात गेली, गिट्टीच्या ढिगावर चढली आणि आचके देऊन बंद पडली.

गाडीच्या अंगाला हात लावता येईल इतक्या जवळ तो म्हातारा उभा होता. सायकल आडवी, फुलं मातीत सांडलेली. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "काऊन बापा, इतक्या जोरानं?" मग खाली बसून फुलं वेचू लागला.

मागे एकच गलका उठला. कोणाचं डोकं दांड्याला आपटलं होतं, पण जबर कोणाला लागलं नव्हतं. "वाचवलं गा भाऊनं!" कोणीतरी ओरडलं. "दुसरा असता तर म्हाताऱ्याले चिरडला असता." लोक उतरता उतरता माझ्या खांद्यावर थाप मारत होते. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई पुढे आली आणि वाकून तिनं माझ्या पायांवर हात ठेवला. तिचा हात माझ्या पावलावर आहे हे मला दिसत होतं. कळत नव्हतं.

सगळे उतरल्यावर कंडक्टरबाई माझ्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"मी पाह्यलं," त्या म्हणाल्या.

"काय पाह्यलं?"

"तुम्ही म्हाताऱ्याकडे नाई, पायाकडे पाहून राह्यले होते. भाऊ, आता पुरे. माही पोरगी बी ह्याच गाडीनं शाळेत जाते."

मी खाली उतरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "गाडीचा ब्रेक लागत नाई. ही गाडी पुढे जाणार नाई." एका जीपवाल्याबरोबर डेपोत निरोप पाठवला. मागून आलेल्या गाडीत प्रवासी चढवून दिले. मग मी आणि बाई दोन तास झाडाखाली मेकॅनिकची वाट बघत बसलो. 

मेकॅनिक तरणा होता, कामाचा पक्का. गाडीखाली शिरला, ठोकून पाहिलं, पाइप चाचपले. मग सीटवर बसून गाडी मागे घेतली, पुढे घेतली, तीनदा करकचून थांबवली. उतरून हात पुसत माझ्याकडे आला.

"ब्रेक तर एकदम बरोबर आहे भाऊ. तुम्ही काय सांगून राह्यले?"

बाई सागाच्या शेंड्याकडे बघत होत्या. त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"ब्रेक लागतो," मी म्हणालो. "पाय त्याच्यावर आहे का नाई, ते मले कळत नाई. पाय मेले माझे."

तो एक पाऊल मागे सरकला. नकळत सरकला असेल, पण सरकला. "म्हणजे तो... महारोग?"

"नाई. शुगर."

"शुगरनं असं होते?" त्याचा चेहरा उतरला. "माझ्या बापाले बी शुगर आहे. मुंग्या येते म्हणते तो पायाले."

"त्याले आजच दवाखान्यात ने," मी म्हणालो. इतकी वर्षं जे स्वतःला सांगायला हवं होतं, ते मी त्या पोराला सांगत होतो.

गाडी त्यानं चालवत नेली. मी मागे प्रवाशाच्या सीटवर बसलो होतो. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय रिकाम्या फळीवर दाबला जात होता.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. बायको शेजारी उभी होती. "मी नायलॉनच्या दोऱ्यानं पायाला स्पर्श करतोय. जाणवलं की हो म्हणा," ते म्हणाले. मी वाट बघत राहिलो. वाटलं, दोरा शोधत असतील. थोड्या वेळानं ते म्हणाले, "उघडा डोळे."

"सुरू करा ना साहेब," मी म्हणालो.

"झालं. दोन्ही पायांवर दहा दहा ठिकाणी लावून झालं."

बायकोनं पदर तोंडात धरला होता.

त्यांनी घोट्याच्या हाडावर एक थरथरता लोखंडी चिमटा ठेवला. थरथर कळली नाही, फक्त लोखंडाचं वजन कळलं. गुडघ्यावर ठेवला तेव्हा थरथर कळली. मग खुर्चीत बसवून समजावलं. अंगभर नसा असतात, विजेच्या तारांसारख्या. पायाच्या बोटापर्यंत जाणारी तार सगळ्यात लांब, म्हणून रक्तातली साखर तिचं टोक आधी खाते. मग हळूहळू वर सरकते. जळजळ होते तेव्हा तार तुटत असते, आणि जळजळ थांबते तेव्हा बऱ्याचदा ती तुटून झालेली असते. नारळ फोडला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"वर किती येतं?" मी विचारलं.

"साखर अशीच राहिली तर गुडघ्याच्या जवळ येईल. तिथपर्यंत आली की साधारण हाताची बोटंही सुरू होतात. खांद्यापासून बोटापर्यंतच्या तारेची लांबी तेवढीच भरते."

"आणि गेलेलं परत येईल?"

 "परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. आहे ते राखता येईल. तुम्ही उशिरा आलात, पण बोटं अजून शाबूत आहेत."

ड्रायव्हिंग सुटलं. डेपोनं मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. कुठली गाडी कुठून सुटते हे माइकवर सांगायचं. पोटात इंजेक्शन घ्यायला शिकलो. बायको रोज सकाळी माझे तळवे खिडकीपाशी धरून बघते, बोटांच्या मधेसुद्धा. एकदा चप्पल फोडून बाभळीचा काटा आत शिरलेला सापडला, आदल्या दिवसापासून मी त्यावर चालत होतो. काटा निघाला, जखम महिनाभर राहिली. तो सगळा महिना मी फक्त एकच विचार करत होतो, पाय कापावा लागला तर कुठून कापतील. नाही लागला. एकदा तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि न्हाणीत सरळ आडवा झालो. डोळे बंद केले की पाय कुठे आहेत ते मला सापडत नाही. आता पाटावर बसूनच तोंड धुतो.

साखर ताब्यात आली तशी रेघेची चाल मंदावली. वर्षभरात जेमतेम एक बोट. पण आता माझं लक्ष हातांवर असतं. सकाळी शर्टाची बटणं लावताना मी डोळे मिटून लावून बघतो. एखाद्या दिवशी करंगळीला मुंग्या आल्यासारख्या वाटतात. मग दिवसभर मी तिला चिमटे काढत बसतो, आणि चिमट्यामुळे दुखतंय की आजारामुळे, हेही कळेनासं होतं.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी स्टँडवर लाइट गेली. आभाळ भरून आलं होतं, एकदम काळोख झाला. मी खिडकीतून उठून पाणी प्यायला मधल्या हॉलमध्ये आलो होतो. तिथेच उभा राहिलो. जमीन गेली. पाय उचलावा तर उचललाय का कळेना, ठेवावा तर ठेवलाय का कळेना. धरायला काही नव्हतं.  "कोणी आहे का?" मी ओरडलो. स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

बाकावरून कोणीतरी उठल्याचं ऐकू आलं. "एमैंदी?" काय झालं, असं एका म्हातारीनं तेलुगूत विचारलं. सिरोंच्याच्या गाडीसाठी बसली असावी. इतक्या वर्षांत त्या भाषेतले चार शब्द मला आले होते. "अव्वा, चेयी इव्वू," मी म्हणालो. आजी, हात दे.

तिनं अंधारात चाचपत माझा हात शोधला. हात खरबरीत होता, त्याला तंबाखूचा वास होता. तिनं आणखी काही विचारलं नाही. मी तिच्या खांद्यावर भार टाकून उभा राहिलो. तिचं वजन माझ्या निम्मंही नसेल, पण ती हलली नाही. पाऊस सुरू झाला, पत्र्यावर वाजू लागला. दहा मिनिटं असतील, मला फार वाटली.

लाइट आली तेव्हा मी आधी खाली पाहिलं. दोन्ही पाय जागेवर होते. म्हातारीनं मला धरून खुर्चीपर्यंत आणलं, बसवलं, आणि मगच हात सोडला. मग मोडक्या मराठीत विचारलं, "सिरोंचा गाडी कवा?"

"येईल अव्वा, वीस मिनिटांत," मी म्हणालो. माइक हातात घेतला. बटण दाबलं गेलंय का, ते मी डोळ्यांनी पाहून घेतलं, आणि गाडीची वेळ सांगितली.